नाव ज्याचे, हाक आपली

गेल्या साखर हंगामात आम्ही कळसला बहिणीच्या सासरी गेलो होतो. इंदापूर तालुक्यातले हे गाव. जेवणे उरकल्यावर भाचा ओसरीवर आला आणि ऊस घातल्याची वजनकाट्याची एक पावती आमच्या हातात ठेवून म्हणाला, "मामू, पीछे देखो." पावतीच्या पाठीवर बॉलपेनने चार नावे लिहिलेली होती. पहिली तीन आजच्या चालीची : रेहान, अयान, झैन. चौथे खाली, जरा बारीक अक्षरात. "इसमें का कौनसा रखू?" त्याने विचारले.

हा भाचा जन्मला तेव्हा त्याच्या कानात अजान देऊन घरच्यांनी मुलीचे नाव ठेवले होते. ते नाव आम्हीच सुचवले होते. आज तो विशी ओलांडलेला आहे, पुरुष म्हणून जगतो आणि जुने नाव सुचवणाऱ्या मामूकडेच नवे नाव विचारायला आला होता. आम्ही त्या रात्री उत्तर दिले नाही. घरी परतल्यावर मराठीत या विषयावर काय लिहिले गेले आहे ते चाळू लागलो. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब आहे.

मराठी वाचकाला या विषयातले एक नाव चांगले ठाऊक आहे, ते म्हणजे ललित साळवे. बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्याच्या राजेगावचे. पोलीस दलात स्त्री म्हणून भरती झालेल्या या शिपायाने 2017 साली शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, 2018 साली शासनाची परवानगी मिळाली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढे ते पुरुष शिपाई म्हणून कामावर रुजू झाले. 2020 साली त्यांचे लग्न झाले, 2024 साली मुलगा झाला. त्यांच्या वैद्यकीय तपासणीत वाय गुणसूत्र आढळल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. त्यामुळे 'ट्रान्स पुरुष' हे विशेषण आम्ही त्यांना परस्पर लावत नाही. स्वतःला काय म्हणवून घ्यायचे ते त्यांनीच ठरवावे. पण नाव बदलून पुरुष म्हणून जगणाऱ्या माणसाविषयी मराठी कशी लिहिते, हे तपासायला याहून जवळचे उदाहरण नाही.

त्या काळातल्या बातम्यांचा घाट पाहावा. 'अमुकीचा झाला अमुक' या साच्याचे मथळे, आत शस्त्रक्रियेचे टप्पे, डॉक्टरांची माहिती, जुने छायाचित्र आणि नवे छायाचित्र शेजारी शेजारी. माणूस नव्या नावाने कामावर हजर झाला तरी जुने नाव बातमीची पाठ सोडत नाही. लेखणीचा हेतू वाईट नव्हता, बहुतेकांनी सहानुभूतीनेच लिहिले. पण सहानुभूतीचा सगळा भर शरीरावर राहिला. नावाकडे कुणी फारसे थांबून पाहिले नाही. ललित यांच्या नावात घडले ते एवढेच, की एक काना गळला. बाकीची अक्षरे जागेवर राहिली, वडिलांचे नाव राहिले, आडनाव राहिले. आईवडिलांनी दिलेले नाव त्यांनी फेकून दिले नाही, आपल्या मापाचे करून घेतले. मराठीत 'ललित' हा शब्द साहित्याच्या एका अख्ख्या दालनाला आपण लावतो, आणि त्या साहित्यवाल्यांनाही या एका कान्यावर लिहावेसे वाटले नाही, याचे आम्हाला आश्चर्य वाटते. आणि मराठी रिवाजाने त्यांच्या मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव म्हणून 'ललित'च लागणार. निवडलेले नाव एका पिढीत वारशाचे नाव होते, ते असे.

दुसरी अडचण शब्दाची. आपल्याकडे या सगळ्या माणसांना सरसकट 'तृतीयपंथी' म्हणतात. हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर साडी नेसलेली, टाळी वाजवणारी व्यक्ती येते. मुलगी म्हणून वाढवले गेलेले आणि पुरुष असलेले कुणी त्या चित्रात नसतेच. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे आत्मकथन 2012 साली मराठीत आले. बिंदुमाधव खिरे यांनी 2002 साली पुण्यात समपथिक ट्रस्ट उभा केला आणि लैंगिकतेच्या प्रश्नांवर मराठीत सातत्याने लिहिले. हे काम मोठे आहे. पण हिजडा समाजात गुरू असतो, घराणे असते, चेल्याला नव्या नावाने हाक मारणारी माणसे असतात. ट्रान्स पुरुषाला असे घराणे नाही. त्याला आपले नाव एकट्यानेच, एखाद्या पावतीच्या पाठीवर शोधावे लागते, आणि मग ते नाव घेऊन त्याच ओसरीवर यावे लागते जिथे पहिले नाव ठेवले गेले.

तिसरी गोष्ट व्याकरणाची. मराठीत नाव बदलून भागत नाही, क्रियापदही बदलावे लागते. 'मी आलो' की 'मी आले', 'मी जातो' की 'मी जाते', तोंड उघडताच भाषा साक्ष मागते. भाच्याने आम्हाला सांगितले की बाहेर मराठी बोलताना दोन वर्षे तो वाटा चुकवून चालत होता. 'मी पाणी आणले', 'मी काम केले' इथे क्रियापद कर्माच्या मागे जाते, बोलणारा झाकला जातो. 'मी येईन' यातही काही कळत नाही. आणि फारच अडले की तो म्हणे, 'आम्ही आलो'. आम्ही आयुष्यभर लेखांतून 'आम्ही' लिहीत आलो, ते संपादकीय थाट म्हणून. त्याच शब्दाच्या आडोशाला एक पोर उभे राहत होते, हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते.

आता आपल्या परंपरेकडे वळू, कारण या वार्षिकाच्या वाचकाच्या मनात तो प्रश्न उभा राहिलाच असेल. नाव बदलणे इस्लामला परके नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अनेकांची नावे बदलली. 'अवज्ञा करणारी' अशा अर्थाचे नाव असलेल्या स्त्रीला त्यांनी जमीला म्हटले. सहीह बुखारीत हज्न नावाच्या गृहस्थाची हकीकत आहे. हज्न म्हणजे खडबडीत जमीन, आपल्याकडचा माळ म्हणा. प्रेषितांनी त्यांना 'सहल', म्हणजे सपाट, सुगम, हे नाव सुचवले. बापाने ठेवलेले नाव बदलणार नाही, असे ते म्हणाले. त्यांचे नातू, थोर विद्वान सईद बिन मुसय्यब, पुढे सांगत की तो खडबडीतपणा आमच्या घराण्यात टिकून राहिला. या हकीकतीत आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे, की प्रेषितांनी सुचवले, पण लादले नाही. नाव ज्याचे, शेवटचा शब्द त्याचा.

कुणी म्हणेल, ते बदल अर्थासाठी होते, स्त्रीचे पुरुष होण्यासाठी नव्हते. हा आक्षेप खरा आहे. त्या हदीसमधून हा मसला सुटत नाही. जुन्या फिकहने 'खुन्सा' व्यक्तीच्या वारशाचा आणि नमाजातल्या जागेचा विचार केला. इराणमध्ये आयतुल्ला खोमेनी यांनी 1980 च्या दशकात शस्त्रक्रियेला परवानगी दिली. सुन्नी उलेमांपैकी बहुतेकांना ती मान्य नाही. हा वाद मिटवण्याचा अधिकार आमचा नाही. आमचा मुद्दा हाक मारण्यापुरता आहे. कुरआनातील सूरह अल-हुजुरात (49:11) एकमेकांना वाईट नावांनी पुकारू नका असे बजावते. जे नाव ऐकताच समोरचा माणूस मान खाली घालतो, तेच नाव मुद्दाम चारचौघांत घेणे या मनाईच्या बाहेर कसे राहील? मसल्याचा निकाल काहीही लागो, हाकेची तमीज तर आपल्या हातात आहे. नसबचा प्रश्नही इथे येत नाही. पहिले नाव बदलते, बापाचे नाव तसेच राहते.

आणि इंदापूरच्या मातीला नावांची ही देवघेव नवी नाही. मालोजीराजे भोसले याच इंदापूरच्या लढाईत पडले. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) शाहशरीफ पिरावरून त्यांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. एका पिराचे नाव मराठा घराण्यात गेले आणि तिथलेच झाले. दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. 1916 साली बार्शीत जन्मलेल्या मेहबूब हुसेन पटेल यांना महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. 1969 साली इंदापूरजवळच अपघातात त्यांचा अंत झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून लोकांनी त्यांना 'आधीचे मेहबूब' म्हणून पुकारले नाही. मुस्लिम मराठी साहित्याच्या व्यासपीठांवर आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो, आणि त्यांची कन्या मलिका यांच्या नावात 'अमर शेख' हे वारसा म्हणून आले. दिल्लीचे वकील आणि शरीरसौष्ठवपटू आर्यन पाशा हे ट्रान्स पुरुष आहेत, 2018 साली मस्लमेनिया स्पर्धेत उतरल्यामुळे त्यांचे नाव देशभर झाले. अमर शेख, आर्यन पाशा : दोन्ही नावांची घडण पाहा. पहिला शब्द या मातीतल्या भाषेचा, दुसरा आपल्या ओळखीचा. एकाला आपण सहज स्वीकारतो, दुसऱ्यापाशी अडखळतो. अडखळण्याचे कारण नावात नाही, ते आपल्यात आहे.

खरे तर नावाची किंमत आपल्याला इतरांहून जास्त कळायला हवी. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे हीच सल होती की आमचे मराठी वाचण्याआधी लोक आमचे नाव वाचतात. भाड्याची खोली मागताना नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे या पानांवर किती कथांतून येऊन गेले आहे. नावावरून वाचले जाण्याचा जाच ज्यांनी सोसला, त्यांनी तोच जाच आपल्या घरातल्या पोराला द्यावा काय?

कायद्याने वाट थोडी मोकळी केली. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नाल्सा निकालात स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क मानला. 2019 च्या कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र आणि त्यावरून जन्मदाखल्यातले पहिले नाव बदलण्याची तरतूद केली गेली. पण राजपत्रातली नावबदलाची जाहिरात पाहा. तिथे जुने नाव आणि नवे नाव दोन्ही छापावे लागतात. कागदाला ते लागते, कारण दाखला आणि माणूस जोडायचा असतो. साहित्याला ते लागत नाही. कथेत, लेखात, बातमीत जुने नाव छापण्याची सक्ती कुणाची आहे? लिहिणाऱ्याने ते राजपत्राला ठेवावे.

रमजान ईदला आम्ही पुन्हा कळसला गेलो. पावतीवरचे चौथे नाव भाच्याने कायम केले होते. ते त्याच्या मरहूम दादांचे नाव होते. आमचा सल्ला वेगळा होता. नवे आयुष्य, नवे नाव असावे असे आम्हाला वाटत होते. तो म्हणाला, "मामू, नया नाम तो कोई बी देगा. ये घर का हय." नातवाला आजोबांचे नाव देण्याची आपली जुनी रीत. ती रीत मुलासाठी असते, आणि ती आपल्या वाट्याला आली नाही एवढेच त्याचे दुःख होते. त्याने ती मागून घेतली.

एक पेच मात्र त्याच्याही लक्षात आला नव्हता. दादी त्याला ते नाव कशी घेणार? जुन्या वळणाच्या बाईने नवऱ्याचे नाव उभ्या जन्मात उच्चारलेले नाही. घरात सगळे नव्या नावाने हाक मारू लागले, दादी तेवढ्या गप्प. भाच्याला वाटले, त्यांना मंजूर नाही. आम्हालाही तेच वाटले. ईदच्या दिवशी नमाजहून पुरुषमंडळी परतली. दादी आत शिरखुर्म्याच्या पातेल्यापाशी बसल्या होत्या. बाहेर चपलांचा आवाज ऐकून त्यांनी सुनेला विचारले, "उनके नाव का आया क्या?"

नाव घेतले नाही आणि नाव दिलेही. आणि क्रियापद 'आयी' नव्हते, 'आया' होते. ज्या व्याकरणापुढे ते पोर दोन वर्षे लपत फिरले, ते एका निरक्षर म्हातारीने एका वाक्यात त्याच्या बाजूला उभे केले. आम्ही इतके वाचून, पाने भरून जे सांगू पाहतो आहोत, ते त्यांनी शिरखुर्मा ढवळता ढवळता सांगून टाकले. मराठीत लिहिणाऱ्या आपल्या मंडळींनी या विषयावर लेखणी धरली, तर तिथून सुरुवात करावी.