शाळांची तुलना आणि गुणांचा अर्थ

चाचण्यांतील गुणांवरून शाळांची प्रतवारी लावण्याची प्रथा आपल्याकडे आता चांगलीच रूढ झाली आहे. अमुक व्यवस्थापनाच्या शाळांतील विद्यार्थ्यांची सरासरी अधिक, म्हणून त्या शाळांतील अध्यापन सरस, असे विधान अहवालांतून, वृत्तपत्रांतून आणि पालकांच्या बोलण्यातून सारख्याच निःशंकपणे केले जाते. या विधानाचा पूर्वार्ध बहुधा खरा असतो. वाद आहे तो त्यातील ‘म्हणून’ या शब्दाविषयी. महानगरपालिकेच्या शाळेत मूल घालावे की पोटाला चिमटा काढून खाजगी शाळेची फी भरावी, सार्वजनिक पैसा कोणत्या शाळांकडे वळवावा, हे निर्णय या एका उभयान्वयी अव्ययावर उभे असतात. तेव्हा त्याची तपासणी होणे अगत्याचे आहे.

प्रथम संज्ञांचा विचार केला पाहिजे. ‘सरकारी’ आणि ‘खाजगी’ ही दोन नावे पुण्यातील शाळांना पुरत नाहीत. 1880 साली स्थापन झालेले न्यू इंग्लिश स्कूल आणि त्यामागून 1884 साली उभी राहिलेली डेक्कन एज्युकेशन सोसायटी यांनी जी परंपरा घातली, तिच्यातून संस्थाचालित परंतु शासकीय अनुदानावर चालणाऱ्या शाळांचा मोठा वर्ग निर्माण झाला. या शाळांचे व्यवस्थापन खाजगी असले तरी शिक्षकांचे वेतन सार्वजनिक निधीतून होते. याखेरीज विनाअनुदानित शाळा आहेत. शिवाय महापालिकेची इमारत आणि स्वयंसेवी संस्थेचे अध्यापन अशा भागीदारीने चालणाऱ्या शाळाही आहेत. आकांक्षा फाउंडेशनच्या शाळा या प्रकारच्या होत. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने 1991 साली कायदा करून ज्या ‘चार्टर’ शाळांना वाट करून दिली, त्यांच्याशी या शेवटच्या प्रकाराचे जवळचे साम्य आहे. इतके भिन्न प्रकार दोनच रकान्यांत कोंबले, तर निघणारी सरासरी कोणत्याच शाळेचे वर्णन करीत नाही.

दुसरा प्रश्न मापनाचा. ‘असर’ सर्वेक्षण 2005 सालापासून घरोघरी जाऊन केले जाते. पण ते ग्रामीण भागापुरते असल्याने पुणे शहराविषयी त्यावरून काहीच म्हणता येत नाही. त्यातील वाचनाची सर्वांत वरची पायरी दुसरीच्या पातळीचा उतारा ही आहे. मूलभूत वाचन येते की नाही हे पाहण्यास ती पुरेशी आहे, पण सातवी-आठवीच्या दोन चांगल्या शाळांतील अंतर तीवरून उमगणार नाही. 2017 सालच्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात तिसरी, पाचवी व आठवीच्या शासकीय आणि अनुदानित शाळाच होत्या. 2021 साली विनाअनुदानित शाळाही समाविष्ट झाल्या. या दोन वर्षांच्या एकत्रित सरासऱ्या शेजारी ठेवून प्रगती वा अधोगतीचा निष्कर्ष काढणे म्हणजे दोन वेगळ्या समूहांना एक समजणे होय. शिष्यवृत्ती परीक्षेस कोणाला बसवायचे हे पुष्कळदा शाळाच ठरविते. दहावीच्या ‘शंभर टक्के’ निकालाबाबतही हीच सावधगिरी हवी. कच्च्या विद्यार्थ्याला सतरा नंबरचा अर्ज भरावयास लावून शाळेबाहेरून परीक्षेस बसविले, तर शिकविण्यात काडीचा फरक न पडता टक्केवारी वाढते. अंशाइतकेच छेदाकडेही लक्ष दिले पाहिजे, ते याकरिता.

सर्वांत बिकट प्रश्न निवडीचा आहे. जे पालक फी भरू शकतात, घरी पुस्तके ठेवतात आणि शिकवणी लावतात, त्यांची मुले कोणत्याही शाळेत काही अधिक गुण मिळवितीलच. ते गुण शाळेच्या खाती जमा करणे न्याय्य नाही. यावर संशोधकांनी काढलेला उत्तम तोडगा म्हणजे सोडत. ज्या शाळेत जागांपेक्षा अर्ज अधिक असतात, तेथे चिठ्ठीने प्रवेश मिळालेली आणि हुकलेली मुले घरच्या परिस्थितीने सरासरीत सारखीच असतात. पुढे दिसणारे अंतर प्रवेशामुळे पडलेले मानता येते. बोस्टनमधील चार्टर शाळांच्या अशा अभ्यासात (2011) लक्षणीय लाभ दिसला. उलट स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘क्रेडो’ केंद्राने 2009 साली अनेक राज्यांतील चार्टर शाळा तपासल्या, तेव्हा गणितात 17 टक्के शाळा तुल्य सार्वजनिक शाळांहून सरस, 37 टक्के निकृष्ट आणि उरलेल्या तशाच आढळल्या. ही विसंगती वरवरची आहे. सोडत फक्त मागणी असलेल्या शाळांतच होते, आणि मागणी असलेली शाळा सर्व शाळांची प्रतिनिधी नसते.

भारतातील प्रयोग अधिक बोधप्रद आहे. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन व व्यंकटेश सुंदररामन यांनी सोडतीने खाजगी शाळांची शिष्यवृत्ती देऊन मुलांचा चार वर्षे मागोवा घेतला. निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. तेलुगू व गणितात शिष्यवृत्तीधारक मुले इतरांच्या पुढे नव्हती. हिंदीत मात्र ती स्पष्टपणे पुढे होती. खाजगी शाळा तेलुगू व गणिताला कमी तास देत, आणि त्यांचा दर विद्यार्थ्यामागील खर्च सरकारी शाळांच्या एकतृतीयांशाहूनही कमी होता. म्हणजे ‘खाजगी शाळा सरस’ आणि ‘खाजगी शाळेत काही लाभ नाही’ ही दोन्ही घोषवाक्ये या एकाच अभ्यासापुढे टिकत नाहीत. कोणता विषय आणि किती खर्चात, हे सांगितल्यावाचून निष्कर्ष पुरा होत नाही.

या प्रयोगाने भाषेचा प्रश्नही पुढे आणला आहे. शाळा बदलते तेव्हा पुष्कळदा माध्यमही बदलते, आणि गुणांतील फरक व्यवस्थापनाचा की माध्यमाचा हे मग वेगळे करता येत नाही. पुणे महापालिकेच्या मराठी, उर्दू व इंग्रजी माध्यमांच्या शाळांना हे विशेष लागू पडते. गणिताचे शाब्दिक उदाहरण हे आधी वाक्य असते आणि मग उदाहरण. घरात मराठी वा उर्दू बोलणाऱ्या मुलाने इंग्रजीतील उदाहरण चुकविले, तर त्याला वजाबाकी येत नाही की वाक्य कळले नाही, हे गुणपत्रक सांगत नाही. भाषांतरित प्रश्नही सर्व माध्यमांत समान कठीण राहतो, हे गृहीत धरता येत नाही. ते तपासावे लागते.

महाराष्ट्रापाशी या अभ्यासाचे साधन आयते आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या 12(1)(क) कलमान्वये विनाअनुदानित शाळांतील 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी सोडतीने भरल्या जातात. शासकीय वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी शाळेला यातून सूट देणारा बदल शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द ठरविला. त्या वादात जवळच्या शाळांच्या दर्जाविषयी दोन्ही बाजूंनी ठाम मते मांडली गेली. त्यांची शहानिशा करण्यासाठी, एकाच शाळेकरिता अर्ज केलेल्या व अंतराच्या एकाच गटातील निवडलेल्या आणि न निवडलेल्या मुलांना, त्यांना कळणाऱ्या भाषेत, काही वर्षांच्या अंतराने तपासले पाहिजे. तोवर सरासरीच्या तक्त्यांवरून कोणत्या शाळेत कोणती मुले जातात एवढे समजेल. त्या शाळा मुलांना काय देतात, हे समजणार नाही.