नुसते ऐकणे आणि मिळून ऐकणे
जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूरथ यांचा 'ॲन इंडियन एक्स्पेरिमेंट इन फार्म रेडिओ फोरम्स' हा अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. प्रयोग मात्र आपल्या पुण्याचा. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांसाठी शेती व ग्रामजीवनावर २० कार्यक्रम प्रसारित केले. गावकरी ते एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करीत आणि शंका केंद्राकडे कळवीत.

अहवालाचे बळ तुलनेत आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने श्रोतृमंडळांची गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे निवडून आधी व नंतर मुलाखती घेतल्या. ज्ञानात मोठी भर पडली ती श्रोतृमंडळांच्या गावांत. नुसत्या रेडिओने फारसे साधले नाही.

आमचे दोन आक्षेप आहेत. मंडळांना चर्चेबरोबर संयोजक मिळाले, निरीक्षक मिळाले, आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे ही जाणीवही मिळाली. मग श्रेय चर्चेचे किती आणि या जाणिवेचे किती? दुसरे म्हणजे, वर्षभराने काय उरले हे या मोजमापातून कळत नाही.

हे आक्षेप वर्गात तपासता येतील. दोन तुकड्यांना एकच विज्ञानपट दाखवा. नंतर एकीला पंधरा मिनिटे आपसांत बोलू द्या; दुसरीला तेवढाच वेळ पटाचा भाग पुन्हा दाखवा. दोन्ही वर्गांत तुम्ही सारखेच हजर राहा. प्रश्न मात्र महिन्याने विचारा. चर्चेसाठी तास खर्ची घालावा की नाही, याचे उत्तर तुमच्याच मुलांकडून मिळेल.