ऐकून बोलणारी यंत्रं

रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७६ साली एका संगणक परिषदेसाठी हातानं काढलेलं इथरनेटचं रेखाचित्र आपण एकदा निवांत न्याहाळावं. एक आडवी केबल, तिला मारलेली जोडणी, जोडणीतून संगणकापर्यंत उतरणारी दुसरी केबल, आणि टोकाला ‘टर्मिनेटर’ असं लिहिलेला इवलासा ठोकळा. त्या ठोकळ्यापाशीच थोडं थांबू. टोकाशी पोचलेला संदेश तिथून उलटून मागे आला, तर मागून येणाऱ्या नव्या संदेशात मिसळून त्याचा विचका करील; म्हणून हा ठोकळा त्याला मुकाट्यानं शोषून घेतो. बोललेलं कुठं संपावं याचीसुद्धा काळजी वाहणारं हे चित्र आहे.

पण त्याची खरी गोडी त्यात जे नाही, त्यात आहे. पाळ्या लावून देणारा मुख्य संगणक इथं कुठंच नाही. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या प्रयोगशाळेत सुमारे एक किलोमीटर केबलीवर शंभर यंत्रं जोडली, ती कुणालाही अधिपती न नेमता. केबल स्वतः काही ठरवत नाही. सगळं शहाणपण टोकाच्या यंत्रांच्या ठायी, आणि तेही मोजकंच. बोलण्याआधी ऐकावं, कुणी बोलत असेल तर थांबावं, दोघं एकदमच बोलले, तर दोघांनीही गप्प व्हावं. चावडीवर दोन जाणती माणसं एकाच वेळी तोंड उघडतात आणि ‘बोला, बोला’ म्हणत दोघंही थांबतात, तसंच.

पुढचा प्रश्न नाजूक आहे. दोघंही सारखंच थांबले, तर पुन्हा एकदमच बोलतील. म्हणून प्रत्येक यंत्र मनातल्या मनात चिठ्ठी काढतं. पहिल्या टकरीनंतर शून्य किंवा एक घटका, दुसरीनंतर शून्य ते तीन, तिसरीनंतर शून्य ते सात. पुढं प्रमाण ठरलं तेव्हा ही मजल १०२३ पर्यंत बांधली गेली, आणि सोळा प्रयत्न फसले की नाद सोडायचा. तारेवर आणखी कितीजण ताटकळले आहेत, हे यंत्राला कुणी सांगत नाही. स्वतःच्या फसलेल्या प्रयत्नांवरूनच ते गर्दीचा अदमास घेतं आणि तेवढी सबुरी धरतं. गणितात इतकं सौजन्य क्वचित भेटतं!

आणि ही घटका तरी केवढी? दहा मेगाबिटच्या इथरनेटवर ५१.२ मायक्रोसेकंद, म्हणजे नेमका ६४ बाइट पाठवायला लागणारा वेळ. त्याहून तोकडा संदेश पाठवायला मनाई आहे, आणि मनाईचं कारण मोठं रसाळ आहे. केबलीच्या पार दुसऱ्या टोकाला टक्कर झाली, तर तिची वार्ता मागे येईपर्यंत बोलणारा अजून बोलत असायला हवा. आधीच उरकून मोकळा झाला, तर आपलं म्हणणं वाया गेलं हे त्याला कळणारच नाही. तारेची लांबी, विजेचा वेग आणि वाक्याचा किमान आकार, तिन्ही एका सुरात लावलेली.

आजच्या कचेरीत प्रत्येक संगणकाला स्विचपर्यंत स्वतःची तार असते, येण्याजाण्याच्या वाटा निराळ्या, म्हणून टक्कर होतच नाही. सोय झाली खरी. नाट्य मात्र गेलं, असं माझ्यासारख्या रसिकाला वाटून जातं. पण वायफायमध्ये ते नाट्य पुन्हा भेटतं, कारण हवा सगळ्यांची सामाईक. मेटकाफ यांना मूळ प्रेरणाही हवाई बेटांवरच्या ‘अलोहानेट’ या रेडिओ जाळ्यातूनच मिळाली होती. एकाच वायफायवर चार फोन असले, की ते चौघंही आधी कानोसा घेतात. फरक एवढाच, की रेडिओला स्वतःच्या आवाजात दुसऱ्याची टक्कर ऐकू येत नाही. म्हणून टक्कर होण्याआधीच चिठ्ठी काढून थांबायचं, संदेश पाठवायचा, आणि पोच येण्याची वाट पाहायची. पोच आली नाही, की चिठ्ठ्यांचा ढीग दुप्पट.