माहेर हरवलेल्या जिजाऊ

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी मोठा समुदाय जमतो. हे त्यांचे माहेर. परंतु मराठी ऐतिहासिक कादंबरीत हे माहेर किती येते? लग्नाची वरात निघाली की लेखक सिंदखेडकडे पाठ फिरवतो. पुन्हा आठवण होते ती १६२९ साली, दौलताबादेत निजामशहाने लखुजी जाधवरावांना मुला-नातवासह मारले तेव्हा. आणि तीही जिजाऊंच्या मनात सुडाची ठिणगी पडावी एवढ्यासाठीच. ही ठिणगी बहुतेक वेळा धर्माच्या चुलीत घातली जाते. मुसलमान वाचक म्हणून हे पान उलटताना माझा हात अडखळतो.

कवींद्र परमानंदांचे 'शिवभारत' तर शिवरायांच्याच काळातले. त्यात काय आहे? निजामशाही दरबार सुटल्यावर खंडागळ्यांचा हत्ती बिथरतो आणि जाधव-भोसले एकमेकांवर तुटून पडतात. जिजाऊंचा भाऊ दत्ताजी पडतो, भोसल्यांचा संभाजी पडतो, शहाजीराजे जखमी होतात. नवरा घायाळ, भाऊ ठार. त्या तरुण मुलीने दुवा मागायची ती कोणासाठी? कादंबरीकाराचा कस लागायचा तो इथे. पण हा प्रसंग दोन-चार पानांत उरकतात.

पुढचेही सरळ नाही. लखुजी निजामशाही सोडून मोगलांकडे गेले, परत आले आणि मारले गेले. उरलेल्या जाधवांनी मोगलांचा आश्रय घेतला. सिंदखेड टिकले ते असे. यात धर्मयुद्ध कुठे बसवायचे? शहाजी व शरीफजी ही नावे शाह शरीफ या पिरावरून ठेवली, असे परंपरा सांगते. त्याच घरच्या या सून.

पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला तो आदिलशाहीतील मुरार जगदेवाने, आणि तो मुसलमान नव्हता. त्याच उजाड पुण्यात जिजाऊंनी शिवबांच्या हातून सोन्याचा नांगर धरवला, अशी आख्यायिका आहे. माहेरचे गाव आपल्याला राखता आले नाही, ही सल त्या नांगरामागे असेल काय? हे माझे अनुमान. पुरावा मागू नये. पण कादंबरीकाराला तरी अनुमानाची मुभा असते ना!

लखुजींची भव्य समाधी सिंदखेडला आजही उभी आहे. कादंबरीतल्या जिजाऊ तिच्यापाशी क्षणभर थांबलेल्या माझ्या तरी वाचनात नाहीत.