आधणावरची माणसं

मंडळाच्या स्मरणिकेत नाटकवाल्यांचे आभार मानले जातात, ढोल-ताशा पथकाचे फोटो छापले जातात. मध्यंतरात हॉलभर माणसांना आल्याचा चहा पाजणाऱ्या काकू मात्र कुठेच दिसत नाहीत. माझ्या मते परदेशात आपण टिकवलेली सर्वांत अस्सल कला त्यांच्याच हातात आहे.

चहाची ही परंपरा फार प्राचीन वगैरे नाही. आसाम कंपनी निघाली १८३९ साली, आणि तिथला चहा जायचा विलायतेला. आपल्या लोकांनीही तो प्यावा म्हणून १९३० च्या दशकात स्टेशनांवर, बाजारांत जोरदार प्रचार झाला. विक्रेत्यांनी पत्ती कमी करून दूध, साखर, मसाला वाढवला, तेव्हा प्रचारकांनी नाकं मुरडली. त्याच सुमारास आसामात पानं चिरडून, फाडून, वळवणारं सीटीसी यंत्र आलं. पुढे त्याची बारीक, कडक, स्वस्त पत्ती घरोघर पोचली.

मराठी घरात मसाला म्हणजे लवंग-दालचिनीचा मारा नव्हे. आलं, गवती चहा, पाहुणे असतील तर वेलची. इथे परदेशात खरी पंचाईत गवती चहाची. व्हिएतनामी दुकानात मिळतात ते खालचे जाड दांडे. आपल्याला हवी वरची, बोट कापणारी पात. म्हणून काकू ती कुंडीत लावतात. कडाक्याची थंडी सुरू व्हायच्या आत कुंडी घरात खिडकीशी येते आणि वसंत ऋतूपर्यंत तिची बडदास्त चालते. शेजाऱ्यांना वाटतं, यांनी गवत पाळलंय!

हॉलच्या विजेच्या शेगडीवर आधण यायला अर्धं नाटक संपतं. पाण्यात साखर, ठेचलेलं आलं आणि गाठ मारलेली पात. आलं आधी पाण्यातच खळखळून उकळायचं. कच्च्या आल्यातल्या विकरामुळे दूध नासतं. उकळलं की त्याचा जोर संपतो. मग पत्ती. दूध शेजारी वेगळं तापलेलं, तेही सायीचं. स्किम्ड दुधाचा कॅन कोणी आणला तर काकू तो गुपचूप फ्रीजमध्ये सारतात. दूध पडल्यावर डावानं उंचावरून दोन-चारदा ओतून रंग बघायचा, एक उकळी वर येऊ द्यायची आणि फडक्यातून थेट पिंपात गाळायचं.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला आलं ठेचायला माणसं हवी आहेत, नावं समितीकडे द्यावीत. गवती चहाचे फुटवेही काकूंकडे तयार आहेत. नेताना कुंडी आपली आणावी.