बोजारा की तिकीट?

परीक्षणासाठी आलेल्या कादंबऱ्यांचा गठ्ठा टेबलावर तसाच ठेवून मी आज एका एस.टी.वर लिहायला बसलो आहे. संपादकांनी मला क्षमा करावी. ही एस.टी. गणेशपेठच्या स्थानकावरून सुटत नाही. ती मोबाइलच्या पडद्यावर धावते, आणि ती माझ्याच एका माजी विद्यार्थ्याने केली आहे. वर्गात असताना हा मुलगा गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर गाड्या काढीत बसे. त्याबद्दल मी त्याला दोनदा वर्गाबाहेर उभे केले होते. आता तो विशी ओलांडून गेला आहे आणि वहीऐवजी संगणकावर गाड्या काढतो.

ज्या वाचकांच्या घरी मुले नाहीत त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ नावाचा एक खेळ आहे. ‘मालेओ’ नावाच्या इंडोनेशियातील मंडळींनी तो २०१७ साली काढला. जावा बेटातल्या रस्त्यांवरून बस चालवायची, प्रवासी घ्यायचे, उतरवायचे, एवढाच खेळ. पण खेळ करणाऱ्यांनी एक दार उघडे ठेवले. खेळणाऱ्याला हवी तशी गाडी स्वतः घडवून आत आणता येते. दुसऱ्याने केलेल्या खेळात अशी जी भर घालतात, तिला ‘मॉड’ म्हणतात आणि ती घालणाऱ्याला ‘मॉडर’. या उघड्या दारातून आपल्या मराठी मुलांनी चक्क लालपरी आत नेली. इंडोनेशियातही वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपली गाडी तिथे मुळीच परकी वाटत नाही. ‘नागपूर–गडचिरोली’ अशी पाटी लावलेली एस.टी. जावातल्या नारळीच्या झाडांखालून जाताना मी पाहिली, तेव्हा पहिल्यांदा मला हसू आले आणि मग हसू थांबले.

थांबले याचे कारण त्या गाडीची कारागिरी. गाडीचा क्रमांक एमएच-४० ने सुरू होतो. एस.टी.च्या दर्दी लोकांना याचा अर्थ लगेच कळेल. दापोडीच्या कार्यशाळेत बांधलेली गाडी एमएच-१४, चिकलठाण्याची एमएच-२० आणि आमच्या हिंगण्याची एमएच-४०. आत मागच्या बाजूला ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ ही अक्षरे आहेत, आमदारसाहेबांसाठी राखून ठेवलेले आसन आहे, आणि छताला लागून गेलेली घंटीची दोरी आहे. ही दोरी खेळात ओढता येत नाही. तिचा उपयोग शून्य. तरी ती आहे, कारण या मुलाचे वडील वाहक आहेत आणि त्या दोरीवाचून त्याला गाडी गाडी वाटत नाही. ज्याला साहित्यात आपण अनुभवाचा अस्सलपणा म्हणतो तो हाच, असे मला वाटते. दोष काढायचाच तर एक आहे. गाडी फार स्वच्छ आहे. चंद्रपूरच्या रस्त्यावरची धूळ तिच्यावर बसलेलीच नाही. प्रेमाने लिहिलेल्या पहिल्या कादंबरीत नायिकेला कधी घाम येत नाही, तसे हे झाले आहे.

आता तंट्याकडे वळतो. या गाडीसाठी तो दीडशे रुपये घेतो. पैसे दिले की परवलीचा शब्द मिळतो आणि गाडी उघडते. कुणीतरी ते कुलूप फोडले आणि गाडी सगळ्यांना फुकट वाटून टाकली. वर, ‘हौसेच्या कामाचे पैसे मागतो’ म्हणून यालाच नावे ठेवली. संतापून तो माझ्याकडे आला. “सर, तुम्हीच सांगा, मी काहून फुकट देऊ? तीन महिने रात्रीचा जागून राहिलो होतो.” मी त्याची बाजू घेणार इतक्यात आणखी एक गोष्ट बाहेर आली. गाडीचा आवाज, गिअर बदलतानाचा तो ओळखीचा घोगरा आवाज, याने केलेला नव्हता. तो सांगलीकडच्या एका मुलाने टिपून सर्वांसाठी खुला ठेवला होता. तो याने उचलून आपल्या कुलपाच्या आत घातला. “त्यानं फुकटच तर ठेवला होता न सर,” असे तो म्हणाला, पण या वेळी आवाज जरा खाली आला होता.

‘हौसेचे काम, त्याला पैसे कसले?’ हे वाक्य मला चांगले परिचयाचे आहे. रात्री जागून कादंबरी लिहिणाऱ्या मास्तरालाही लोक तेच सुनावतात, आणि सुनावणारे बहुधा महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे असतात. मीही पगार घेतो, हे कबूल केले पाहिजे. या मुलाच्या घरी २०२१ च्या दिवाळीत पगार नव्हता. एस.टी.चा संप होता. तो पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. गाड्या आगारात उभ्या होत्या आणि वडील घरात. त्या हिवाळ्यात या पोराने पहिली गाडी घडवली आणि पहिले दीडशे रुपये आईच्या हातावर ठेवले. त्याला मी निरिच्छ कलेचे पाठ द्यावेत, एवढा निर्लज्ज मी अजून झालेलो नाही.

तरीही सांगलीच्या मुलाचे काय, हा प्रश्न उरतोच.

हिंगण्याच्या कार्यशाळेत गाडी कशी तयार होते ते पाहण्यासारखे आहे. चेसिस, म्हणजे चाके, इंजिन आणि खालचा सांगाडा, बाहेरून येतो. लेलँडचा किंवा टाटांचा. त्यावर आमचे कामगार घर बांधावे तशी गाडी बांधतात. पूर्वी पत्रा अॅल्युमिनियमचा असे, अलीकडे बांधणी पोलादी झाली आहे. ही गाडी लेलँडची की हिंगण्याची, असा वाद कुणी घालीत नाही. चेसिसचे पैसे चुकते होतात, बांधणाऱ्याला मजुरी मिळते आणि प्रवासी तिकीट काढतो. दुसऱ्याच्या चेसिसवर आपली गाडी बांधणे यात कमीपणा काहीच नाही. आपल्या रंगभूमीचा केवढा तरी भाग असाच बांधलेला आहे. मोलिएरने १६६० साली एक प्रहसन लिहिले, त्यावरून मर्फीने इंग्रजी नाटक केले, त्यावरून देवलांनी आधी ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक केले, आणि पुढे त्यालाच पदे घालून ‘संशयकल्लोळ’ उभे केले. ते १९१६ साली रंगभूमीवर आले. आजच्या मुलांच्या भाषेत बोलायचे तर देवलांनी स्वतःच्याच मॉडचा पुन्हा मॉड केला! त्याला लोकांनी तिकिटे काढून गर्दी केली, आणि फाल्गुनराव परका आहे असे आजवर कुणाला वाटले नाही. मोलिएर तेव्हा हयात नव्हता, ही सोय मात्र देवलांना होती. आज आपल्या कायद्याने रूपांतराचा हक्क मूळ लेखकाकडे असतो आणि तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो.

मॉडरांच्या जगात हा प्रश्न एकदा मोठ्या प्रमाणावर पेटला होता. ‘स्कायरिम’ नावाचा एक प्रचंड लोकप्रिय खेळ आहे. त्याचे मॉड वर्षानुवर्षे फुकट मिळत. २३ एप्रिल २०१५ रोजी ‘व्हॉल्व्ह’ या कंपनीने आपल्या दुकानात ते विकण्याची सोय केली. वाटणी अशी: दर शंभर रुपयांतले पंचेचाळीस मूळ खेळाच्या मालकाला, तीस दुकानदाराला आणि पंचवीस मॉडरला. म्हणजे ज्याने रात्री जागवल्या त्याला चौथा हिस्सा! खेळणारे खवळले, लाखाहून अधिक सह्यांचा निषेध झाला, आणि २७ एप्रिलला दुकान बंद करून पैसे परत करावे लागले. पाच दिवसांचा बाजार. पण त्या पाच दिवसांतली एक घटना मला सगळ्यांत बोलकी वाटते. मासेमारीचा एक मॉड विक्रीला आला होता आणि तो दुसऱ्या एका मॉडरने फुकट दिलेल्या हालचालींच्या कामावर आधारलेला होता. पहिल्याच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. सांगलीच्या आवाजाचीच ही कथा, फक्त मोठ्या गावातली.

‘माइनक्राफ्ट’ या खेळाच्या मालकांनी वेगळी रीत धरली. मॉड तुम्ही केला तर तो तुमचा, पण तो पैशाला विकायचा नाही, असा त्यांचा नियम. नियम मला कडक वाटतो, पण निदान तो आधी सांगितलेला आहे. ज्याला तो मान्य नाही त्याने दुसऱ्या चेसिसवर गाडी बांधावी.

या साऱ्या वादात दोन प्रश्नांची गल्लत होते आहे. विचारले होते का, हा एक. आणि पैसे घेतले का, हा दुसरा. लोक समजतात की पैसे घेतले नाहीत म्हणजे विचारायचीही गरज नाही. मी स्वतः हेच समजत होतो. दहा-बारा वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात मी एका हयात लेखकाची एकांकिका बसवली होती. परवानगीचे पत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. ते मी लिहिले नाही. तीन पात्रे कापली, शेवट बदलला, टाळ्या घेतल्या; आणि प्रवेश विनामूल्य होता, या एका गोष्टीवर मनाचे समाधान करून घेतले. स्वतः लेखक असून मी हे केले. या मुलाला काही सांगताना ती एकांकिका माझ्या डोळ्यांपुढे सारखी उभी राहत होती.

आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवतात आणि घरोघर नेऊन दाखवतात. बैल सुताराने केलेला असतो, झूल आणि बेगड मुलाची. लोक बैलाचे कौतुक करतात आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवतात. बोजारा मिळाल्याशिवाय बैल दाखवणार नाही, असे कोणतेही मूल म्हणत नाही. आणि बोजारा न देता कोणी सभ्य माणूस दार लावून घेत नाही. मॉडरांना मिळणारी देणगी ती हीच. ती गोड आहे, पण तीवर घर चालत नाही. अडचण अशी की खेळणारी हजारो मुले बैल पाहतात आणि दार लावून घेतात. तेव्हा केवळ बोजाऱ्याच्या भरवशावर राहा, असे मी या मुलाला कसे सांगू?

वर्गणीचा एक दाखला मात्र मला फार आवडला आहे, आणि तो त्याला माझ्यापेक्षा जवळचा आहे. ज्या ‘ब्लेंडर’ नावाच्या साधनावर तो गाड्या घडवतो, ते एकेकाळी एका कंपनीच्या मालकीचे होते. कंपनी बुडाली. तेव्हा २००२ साली त्याच्या मूळ कर्त्याने लोकांना आवाहन केले की एक लाख युरो जमले तर हे साधन सोडवून घेऊन सर्वांना कायमचे खुले करता येईल. सात आठवड्यांत रक्कम जमली. आपल्या गणपतीची वर्गणीच ही! पैसे आधी, मूर्ती सगळ्यांची. नागपुरातल्या वाहकाच्या मुलाला जे साधन एक पैसा न देता मिळाले, त्याचे पैसे कुणीतरी कधीतरी भरले होते.

तेव्हा माझे मत असे झाले की या मुलाने गाडीला तिकीट लावू नये, बांधणीची मजुरी घ्यावी आणि ती निःसंकोच मागून घ्यावी. कुणाला अमुक आगाराची, अमुक सालची गाडी हवी असेल तर त्याने, किंवा दहाजणांनी मिळून, आधी मजुरी द्यावी. गाडी तयार झाली की ती कुलपाशिवाय सर्वांना मिळावी. खेळाच्या मालकाच्या अटी आधी वाचाव्यात. महामंडळाचे नाव आणि चिन्ह आपण वापरतो आहोत, याचेही भान ठेवावे. आणि सांगलीच्या मुलाला पत्र लिहावे. यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मजुरी कोणी देईन का सर?” याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. देणारे थोडेच असतील, हे मी त्याला सांगितले.

पत्र त्याने लिहिले. उत्तर आले की पैसे नकोत, पण आवाज कुणाचा ते गाडीच्या माहितीत लिहा. ते त्याने लिहिले आणि त्या गाडीचे कुलूप काढले. पावसाळ्यात एका गृहस्थाने वडिलांची गाडी करून मागितली. वडील एस.टी.तून निवृत्त झालेले चालक. शेवटची काही वर्षे ज्या गाडीवर होते तीच हवी होती, क्रमांकासकट. त्याची दोन हजार मजुरी ठरली. दीड महिन्याने गाडी तयार झाली. या वेळी समोरच्या काचेवर थोडी धूळही होती.

ती दाखवायला तो त्यांच्या घरी गेला तेव्हा मलाही बरोबर घेऊन गेला. म्हातारबुवांनी चष्मा लावला, मोबाइल दोन्ही हातांत धरला आणि नातवाने गाडी सुरू करून दिली. पाटी पाहिली, आरसा पाहिला, काचेवरची गणपतीची तसबीर पाहिली. डोळे भरून आले असावेत. मग डोके एका बाजूला कलते करून त्यांनी बराच वेळ आवाज ऐकला.

“गाडी बरोबर आहे बाबू,” ते म्हणाले, “पण हिचा तिसरा गिअर असा गपचूप नव्हता पडत.”

मुलगा आता त्या आवाजाच्या शोधात आहे.