सूत्रधाराला काय ठाऊक असावे? : छापील भूमिकाखेळ आणि कथानकाची रूपरेषा

कथनात्म साहित्याचा विचार करताना रहस्य राखण्याचा लेखकाचा अधिकार सहसा गृहीत धरला जातो. काय घडले याइतकेच ते कोणत्या क्रमाने सांगितले यालाही महत्त्व असते, आणि हा क्रम ठरविण्याची मुखत्यारी निवेदनाकडे असते, हे समीक्षेत आता रुळलेले विधान आहे. मात्र या विधानात एक अनुच्चारित गृहीतक दडलेले आहे : वाचक हाच संहितेचा अंतिम ग्राहक असतो. संहिता वाचणारा ती केवळ ग्रहण करीत नसून इतरांपुढे उभी करणार असेल, तर लेखकाने त्याच्यापासूनही रहस्य राखावे काय? पाश्चात्त्य देशांतील छापील भूमिकाखेळांच्या संदर्भात हा प्रश्न वारंवार वादाचा विषय झालेला आहे, आणि संहिता व प्रयोग यांच्या संबंधाविषयी आस्था असणाऱ्या कोणालाही तो परका वाटू नये.

या प्रकाराचा प्रारंभ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून मानला जातो. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राची कृती आणि उक्ती ठरवितो. निर्णय संदिग्ध असेल तेथे फासे टाकले जातात. एक जण मात्र कोणतेही एक पात्र न घेता उरलेले सगळे जग – खलपात्रे, वाटसरू, गावे, पाऊसपाणी – आपल्याकडे घेतो. त्याला गेम मास्टर म्हणतात. येथे त्याला सूत्रधार म्हटले आहे, परंतु प्रस्तावना आटोपून निघून जाणारा संस्कृत नाटकातील सूत्रधार येथे अभिप्रेत नाही. १८४३च्या ‘सीतास्वयंवरा’पासून विष्णुदास भावे यांच्या नाटकांत पदांच्या आधारे कथानक पुढे नेणारा आणि पात्रांना उत्स्फूर्त भाषणांसाठी जागा करून देणारा जो सूत्रधार दिसतो, त्याच्याशी या गेम मास्टरचे नाते अधिक जवळचे आहे. अनेक महिने, क्वचित वर्षानुवर्षे चालणाऱ्या बैठकांसाठी प्रकाशक जी दीर्घ कथावस्तू छापतात तिला ‘कॅम्पेन’, म्हणजे मोहीम, असे नाव आहे. या मोहिमेच्या आरंभीच सूत्रधाराला संपूर्ण कथानकाची रूपरेषा द्यावी, की प्रकरणागणिक ते त्याच्यापुढे उलगडू द्यावे, हा वादाचा मुद्दा.

रूपरेषेला विरोध दोन भूमिकांवरून होतो. सूत्रधार हाही वाचक आहे, त्याने मोल देऊन घेतलेल्या ग्रंथाचे वाचनसुख त्याला का नाकारावे, ही पहिली. हे ग्रंथ विकत घेऊन कधीही न खेळणाऱ्यांचा वर्ग लहान नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या भूमिकेमागील बाजारही दिसू लागतो. दुसरी भूमिका अधिक गंभीर आहे. ज्याला शेवट ठाऊक आहे तो खेळाडूंना नकळत त्या शेवटाकडे ओढत नेतो. त्यांचे स्वातंत्र्य नाममात्र उरते. खेळाडूंच्या परिभाषेत याला ‘रेलरोडिंग’ म्हणतात : गाडी कोठेही थांबली तरी रूळ सोडू शकत नाही.

पहिल्या भूमिकेची परीक्षा प्रत्यक्ष संहितेवरच व्हावी. लव्हक्राफ्टच्या भयकथांवर आधारलेल्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ या खेळासाठी लॅरी डिटिलिओ यांनी लिहिलेली ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ (१९८४) ही मोहीम या प्रकारातील अभिजात कृती मानली जाते. जानेवारी १९२५मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जॅक्सन एलियस या लेखकाचा खून होतो, आणि त्याचे मित्र, म्हणजे खेळाडू, तपासाला लागतात. मागे कार्लाइल मोहीम नावाचे एक संशोधकांचे पथक आहे, जे केनियात मारले गेले असे जग समजते. तपास न्यूयॉर्कहून लंडन, कैरो, केनिया, शांघाय असा पसरत जातो आणि १४ जानेवारी १९२६च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या मुहूर्ताशी येऊन ठेपतो. न्यूयॉर्क सोडल्यानंतर कोणत्या शहरी आधी जावे हे खेळाडूंनी ठरवायचे असते. एलियसशी संबंधित वस्तूंत एक आगपेटी मिळते. तिच्यावर शांघायमधील एका मद्यालयाचे नाव असते. ज्या सूत्रधाराला शांघायमध्ये काय शिजते आहे याची कल्पना नाही, त्याच्या दृष्टीने ती केवळ आगपेटी आहे. तो तिचा उल्लेख गाळील, किंवा खेळाडूंनी ‘तीत किती काड्या शिल्लक आहेत?’ असे विचारताच गोंधळून भलतेच काही सांगून बसेल. कादंबरीचा वाचक पहिल्या प्रकरणात आगपेटीकडे दुर्लक्ष करू शकतो, कारण कादंबरीकाराने तिची काळजी घेतलेली असते. येथे ती काळजी सूत्रधाराने घ्यायची आहे. त्याला अंधारात ठेवणे म्हणजे ज्याच्या हाती दिवा द्यायचा त्याचेच डोळे बांधणे.

शिवाय मौखिक प्रयोगात मागचे पान फाडता येत नाही. तिसऱ्या बैठकीत सूत्रधाराने एखाद्या गौण पात्राला सहज मरू दिले आणि अकराव्या बैठकीत तेच पात्र मध्यवर्ती असल्याचे त्याला कळले, तर दोष त्याचा मानला जातो. वस्तुतः तो संहितेचा असतो.

खंडशः प्रकाशनात हा दोष अधिक ठळक होतो. ब्रिटनमध्ये ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’साठी १९८६ ते १९८९ या काळात ‘द एनिमी विदिन’ ही मोहीम भागाभागाने निघाली. तिचा आरंभ आजही मन वेधून घेतो : प्रवासात वाटेवर एक प्रेत आढळते, त्याचा चेहरा खेळाडूंपैकी एकाशी तंतोतंत जुळतो, आणि त्याच्याजवळ मोठ्या वारसाहक्काचे पत्र सापडते. पत्र हा सापळा आहे हे सूत्रधाराला त्याच भागात कळते, म्हणून तो प्रसंग रंगतो. परंतु साम्राज्याच्या अंतरंगात वाढणारा शत्रू शेवटी कोणत्या रूपात उभा राहणार, हे १९८६च्या खरेदीदाराला ठाऊक होणे शक्य नव्हते. ‘समथिंग रॉटन इन किस्लेव्ह’ हा पुढचा एक भाग मूळ कथासूत्राशी सैलपणे जोडलेला निघाला आणि ‘एम्पायर इन फ्लेम्स’ (१९८९) या समारोपाने अनेकांची निराशा केली. पुढे मूळ लेखकांपैकी ग्रॅम डेव्हिस यांच्या सहभागाने या मोहिमेची पाच खंडांत पुनर्रचना झाली, तेव्हा नेमके हेच दोन भाग बाजूला सारून नव्याने लिहिले गेले. सूत्रधारापासून जे लपविले असे वाटत होते, ते बहुधा लेखकांजवळही सिद्ध नव्हते, असा निष्कर्ष यावरून काढला तर तो अन्याय ठरू नये. रूपरेषा आधी छापण्याच्या अटीचा एक फायदा हा, की ती मुळात असावी लागते. ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’च्या (१९९१) पुरवणी ग्रंथांतून वर्षानुवर्षे पुढे सरकत राहिलेले आणि २००४मध्ये संपविलेले महाकथानक हे याच प्रवृत्तीचे विस्तारित रूप. सूत्रधाराने आपल्या टेबलावर घडविलेले जग पुढच्या पुरवणीने खोटे ठरावे आणि ती पुरवणी त्याला विकतही घ्यावी लागावी, हा व्यवहार वाङ्मयीन म्हणणे कठीण आहे.

दुसऱ्या भूमिकेला मात्र इतक्या सहज निकालात काढता येत नाही. ट्रेसी हिकमन प्रभृतींच्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेत (१९८४पासून) नायक तयार मिळतात, त्यांचा मार्ग आखलेला असतो, आणि महत्त्वाचे पात्र मेलेच तर मृत्यू संदिग्ध ठेवावा, म्हणजे त्याला पुढे परत आणता येईल, असा नियमच घालून दिलेला आहे. मृत्यूलाही कथानकाची परवानगी लागावी, येथवर ही गोष्ट जाते. वर याच कथावस्तूवर मार्गारेट वाइस आणि हिकमन यांच्या कादंबऱ्याही त्याच वर्षापासून निघू लागल्याने रूपरेषा आयतीच खेळाडूंच्या हाती पडली. जिला सूत्रधाराजवळ राहायचे ती टेबलाच्या पलीकडे गेली! (कादंबऱ्या खपल्या, हे निराळे.)

परंतु येथे दोष रूपरेषेच्या अस्तित्वात आहे की तिच्या व्याकरणात? मराठी व्याकरणाने क्रियापदाचे जे अर्थ सांगितले आहेत त्यांचा येथे उपयोग होण्यासारखा आहे. ‘ड्रॅगनलान्स’ची रूपरेषा भविष्यकाळात बोलते : नायक अमुक नगरात जातील, तमुक शस्त्र मिळवतील. तिचा खरा स्वर आज्ञार्थी आहे. ‘न्यार्लाथोटेप’ची रूपरेषा प्रामुख्याने भूतकाळात आणि संकेतार्थात आहे : पथकाचे काय झाले, खलपात्रांना काय साधायचे आहे, आणि कोणी आड आले नाही तर ग्रहणाच्या दिवशी काय होईल. नायकांचे क्रियापद तीत रिकामे ठेवलेले असते. पूर्वनियोजित कथानकाला ठाम नकार देणाऱ्या व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्येही (२०१०) संकटांच्या वाढीचे टप्पे सूत्रधाराने आधीच मांडून ठेवावेत अशी योजना आहे, म्हणजे नकार भविष्यकाळाला आहे, संकेतार्थाला नाही. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांच्या ‘रेव्हनलॉफ्ट’मध्ये (१९८३) तर शस्त्रे कोठे दडली आहेत आणि खलनायकाचा हेतू कोणता, हे पत्ते काढून ठरते. रूपरेषा पूर्ण छापलेली, पण तिच्या काही जागा मोकळ्या. हिकमन यांच्याच हातून एका वर्षाच्या अंतराने दोन्ही टोके लिहिली गेली, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

या विवेचनाला सर्वांत मोठा अडथळा ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘द ग्रेट पेंड्रॅगन कॅम्पेन’चा (२००६). ही मोहीम इ. स. ४८५ ते ५६६ असा आर्थरच्या कथेचा पट वर्षावर्षाने मांडते. येथे भविष्यकाळ उघड आहे, आणि तो केवळ सूत्रधारालाच नव्हे, टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक आहे : राजा पडणार, राणी आणि लान्सलॉट यांचे प्रेम राज्य दुभंगणार. तरीही या कृतीला रेलरोडिंगचा दोष सहसा कोणी देत नाही. याचे कारण आर्थर हे खेळाडूंचे पात्र नाही यात आहे. ते त्याच्या काळात जगणारे सरदार आहेत. एक म्हातारा होतो, मरतो, त्याचा मुलगा ढाल उचलतो. फूट पडेल तेव्हा आपल्या कुळाने कोणाच्या बाजूने उभे राहावे, हा प्रश्न ग्रंथ सोडवीत नाही. यादवी होणार हे ठाऊक असूनही महाभारताच्या श्रोत्याचे लक्ष कर्णाच्या निर्णयावरून हलत नाही, त्याच जातीचे हे कुतूहल आहे. शेवट जितका निश्चित, तितका मधल्या निवडीचा भार अधिक.

प्रयोगसिद्ध कलांना यात नवे काही दिसणार नाही. आपल्याकडील दशावतारी नट लिखित संवादांवाचून रात्र उभी करतात, ती आख्यान अथपासून इतिपर्यंत ठाऊक असल्याच्या बळावर. इटलीत फ्लामिनिओ स्काला यांनी १६११ साली लिखित संवाद नसलेल्या नाट्यप्रकाराच्या पन्नास संहिता छापल्या. प्रत्येकीच्या आरंभी कथासार आहे, मग पात्रांची नावे, मग लागणाऱ्या वस्तूंची यादी, आणि त्यानंतर प्रवेश. मुखवटे घालून रंगमंचावर जाणाऱ्या नटांपासून गुपित राखावे, असे त्या क्रमात कोठेही सूचित होत नाही.